अळब्याड ताई : बेळगावहून निपाणीला

निरोप शाळेच्या दारातच आला. तंबाखूच्या कामानं साताऱ्याला आलेल्या निपाणीच्या एका गृहस्थाकडून ताईनं सांगून पाठवलं होतं, "नातीचं बारसं हाय. कुसूला म्हणावं, पाळणा म्हणायला ये. या टायमाला न्हाय आलीस, तर परत बोलवायची न्हाय." ताई माझी थोरली बहीण. ती लग्न होऊन निपाणीला गेली आणि मी साताऱ्यात मास्तरीण होऊन राहिले. आमच्यात भांडण कधीच झालं नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

माझ्या मनातली अढी एका गाण्याची होती. वडील बेळगावच्या कचेरीत कारकून असताना निंगव्वा नावाची कानडी बाई मला सांभाळायची. मांडीवर थोपटत ती म्हणायची, "अळब्याड, नन्न ताई, अळब्याड." मला कानडी येत नव्हती. पण मांडीवर मी आणि गाणं ताईचं, एवढं पक्कं कळायचं. त्यात अळूचं काहीतरी आहे असंही वाटे, आणि ताईला अळूची भाजी फार प्रिय, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. पुढे वडिलांची साताऱ्याला बदली झाली, आणि गाणं डोक्यात बसून बरोबर आलं. लहानपणी कानावर पडलेलं माणसाला वळण लावतं म्हणतात. मला त्यानं मागच्या रांगेत उभं राहायचं वळण लावलं. गळा बरा असून मी जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्याला पेटी वाजवत आले.

निपाणीला कोल्हापूरवरून मोटारीनं जाणं सोपं. पण ताईचं तोंड जितकं उशिरा दिसेल तितकं बरं, म्हणून मी मिरजेवरून रेल्वेनं बेळगाव गाठलं. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, अर्धी गाडी पलटणीतल्या शिपायांनी भरलेली. बेळगावात आमची जुनी गल्ली सापडली. निंगव्वाला ओळखणारं मात्र कुणी सापडलं नाही. स्टेशनाजवळच्या खानावळीत जोंधळ्याची भाकरी, झुणका आणि घट्ट दही मिळालं. जाणाऱ्यांनी तिथंच पोटभर जेवून घ्यावं, पुढे मोटारीचा भरवसा नाही.

लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून निपाणीची मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. मागे भट्टी धुमसत असते आणि चढ आला की पुरुषमंडळींनी उतरून ढकलायचं. भाडं मात्र ढकलणाऱ्यालाही तेवढंच. संकेश्वरला ड्रायव्हर भट्टी साफ करायला उतरला आणि आम्ही बायका झाडाखाली बसलो. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. शेजारी एक बाई रडणाऱ्या लेकीला थोपटत होती. "अळब्याड, नन्न ताई, अळब्याड."

मी विचारलं, "हिची थोरली बहीण कुठं आहे?"

"कुठली बहीण? ही एकलीच हाय की."

"मग ताई कुणाला म्हणता?"

"हिलाच. ताई न्हवं ओ, तायी. आमच्या कानडीत आईला म्हंत्यात. लाडानं पोरीला म्हणतो आम्ही. तुम्ही न्हाई का, बाय माझी म्हणत? रडू नको गं माझ्या आई, असं."

मोटार सुरू झाली तरी मला उठायचं सुचेना. बाईनंच हात धरून चढवलं. निपाणी येईपर्यंत मी पदर तोंडाला लावून रडले. लोकांना वाटलं, धूर लागला.

ताई चुलीशी होती. तिला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं.

"मला ठावं व्हतं की," ती म्हणाली. "गल्लीत खेळून कानडी येत व्हतं मला. गाणं तुझंच व्हतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू कधी इचारलंस? मी दाराआड बसून ऐकायची. मला कोण थोपटणार गं? थोरली व्हते मी."

बारशाला साखर रेशनवर म्हणून गुळाचा शिरा होता, आणि तो साखरेच्या वरचढ झाला होता. नाव ठेवून झालं, नेहमीचे पाळणे झाले. ताई म्हणाली, "कुसू, आता तू." मी पाळण्याची दोरी धरली आणि निंगव्वाचं गाणं म्हटलं. बायकांना वाटलं, बाळाला म्हणतेय. मी ताईकडे बघत होते आणि 'ताई' हा शब्द माझ्या जुन्या, चुकीच्या अर्थानंच म्हणत होते. रडू नको म्हणतेय तोवर ती रडायलाच लागली.

परत मात्र कोल्हापूरवरून आले, सरळ. तुम्हीही तसंच जा, भट्टीच्या धुरात दोन तास तरी कमी बसाल. इतक्या वर्षांचं वळण एका शब्दानं मोडत नाही. प्रार्थनेला मी अजून पेटीशीच बसते, आणि खरं सांगायचं तर मला तिथं बरंही वाटतं. चुकीचं ऐकलेलं गाणंसुद्धा माणूस घडवतंच. ताईशी आता जाणंयेणं होईल. निंगव्वाचा मात्र पत्ता नाही. ती मला आई म्हणायची, आणि मी तिच्याच मांडीवर तिच्याकडे पाठ करून निजायचे.