जीपचं सामाईक कॅलेंडर

आता स्वतःची फजिती स्वतःच सांगायची, म्हणजे आधी चहा जरा कडक टाका.

लग्नाला थोडेच महिने झालेत. सासर सेनगावचं, आणि कमी बोलणारी सून म्हणून माझं नाव झालेलं.

आमची एक जीप भाड्यानं जाते. आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मामंजी, म्हणजे सासरे, हो म्हणत, घरी फोन आला की आमचे हे हो म्हणत. एकदा दोघांनी एकाच दिवशी दोन वऱ्हाडांना हो म्हटलं, आणि जवळा बाजारचा नवरदेव बाशिंग बांधून रस्त्याकडेला बसून राहिला.

"तू कॉम्प्युटर शिकलीस ना, कर काहीतरी," हे म्हणाले.

दुकानात एक, घरात एक असे दोन कॉम्प्युटर. दोन्हींवर लिनक्स, कारण ते फुकट, आणि आमच्याकडं फुकटाला फार मान. पण त्यावर सगळ्यांना मिळून वापरता येईल असं कॅलेंडर शोधायचं म्हणजे? एक देखणं होतं, पण आधी सर्व्हर मागायचं. दुसरं सगळ्यांना दाखवायचं आणि लिहू एकालाच द्यायचं. अगदी आमच्या घरासारखं. तिसरं टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेटनं डाउनलोड होईपर्यंत घरचा फोन बंद. पण ते चाललं.

मी सगळ्यांना बजावलं, "कॅलेंडरात असेल तेच होणार." मामंजींनी हे इतकं मनावर घेतलं की जेवायला हाक मारली तरी आधी स्क्रीन बघत.

मग आखाड आला. आखाडात नव्या सुनेनं माहेरी जायचं असतं. माझा जीव तिकडं लागलेला, पण तोंडानं मागायचं कसं? घरच्या कॉम्प्युटरवर शनिवार उघडला आणि लिहिलं, 'जीप : मला माहेरी, कळमनुरी.' मागूनही झालं आणि तोंडही उघडावं लागलं नाही.

आणि घर कसं कामाला लागलं म्हणता. शुक्रवारी मामंजींनी जीप धुतली. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लाडू वळले.

"इतकं कशाला, आत्याबाई?"

"असू दे गं. माहेराला जीव लागलेला असतो लेकराचा."

मला भरूनच आलं. अशी सासू कुणाला मिळते?

शनिवारी नवी साडी नेसून, कपाटातलं सगळं कोंबलेली बॅग घेऊन ओसरीवर आले. जीप नव्हती.

"मामंजी, जीप?"

"बेबीला आणाया धाडली की. तिचाबी पैलाच आखाड." बेबी म्हणजे माझी नणंद.

"पण आज मला माहेरी... कॅलेंडरात लिहिलं होतं."

मामंजींनी दुकानात नेऊन स्क्रीन दाखवली. शनिवार कोरा. धावत घरी येऊन पाहिलं, तर तिथं माझं माहेर ठळक अक्षरांत. 'वैयक्तिक'मध्ये लिहिलेलं. फक्त मलाच दिसेल असं.

"दिवस रिकामा दिसला म्हणून तर धाडली. घरच्या लेकीचं काय लिवायचं त्यात?" मागोमाग आलेले मामंजी खुशीत म्हणाले. "तुझं यंत्र बराबर चालून राहिलंय."

"मग बोलली काहून न्हाईस?" आत्याबाई म्हणाल्या. "शिकलेल्या पोरीला आखाड-बिखाड पटत नसंल म्हणून आमी विषयच काढला न्हाई."

दुपारी बेबीताई आल्या. सामान ठेवायला आमच्या खोलीत गेल्या, माझं कपाट उघडलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "आई, वैनीनं माझ्यासाठी अख्खं कपाट खाली करून ठेवलं गं. असं मन पाहिजे."

मी बॅग पायानं पलंगाखाली ढकलली आणि म्हटलं, "ताई, खालचा खणही घ्या ना."