धाकटीचं पातेलं

दोघी जुळ्या. थोरली पाव तासाने मोठी, आणि त्या पाव तासाचा रुबाब तिने साठी उलटली तरी सोडला नव्हता. खाली दोघींचं कपडे दुरुस्तीचं दुकान, वर राहायच्या खोल्या. थोरली कापायची, धाकटी शिवायची. स्वयंपाकघर मात्र पहिल्यापासून थोरलीच्या ताब्यात. धाकटी पुढ्यात येईल ते मुकाट्याने खायची.

एकदा कोट आखूड करून घ्यायला एक डॉक्टरीणबाई आल्या. दोघींना शेजारी शेजारी पाहून त्या कोट विसरल्याच. त्यांचं संशोधन रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर होतं आणि त्यांना जुळी माणसं हवी होती.

"एकीने रोज जवसाचं तेल घ्यायचं, दुसरीने सूर्यफुलाचं," त्या म्हणाल्या. "आधी आणि नंतर थोडं रक्त द्यायचं."

"तेलाचा नि रक्ताचा काय संबंध?" थोरलीने विचारलं.

"या पेशी शरीराच्या राखणदार. तेलातली मेदाम्लं उचलतात आणि स्वतःच्या पातळ आवरणात बसवतात. कुठे दुखलंखुपलं की तीच मेदाम्लं सोडवून घेतात आणि त्यांचे निरोप बनवतात. काही निरोप सूज वाढवतात, काही ती उतरवतात. जसं तेल खावं, तसे निरोप बदलतात का, ते बघायचंय."

धाकटीची बोटं सुजायची. ती ताबडतोब हो म्हणाली. मग थोरली कशी मागे राहील?

जवसाचं तेल धाकटीच्या वाट्याला आलं. ते तापवायचं नसतं, वरून घ्यायचं. थोरलीच्या फोडणीतलं सूर्यफुलाचं तेल तिला चालणार नव्हतं. म्हणजे तिचं जेवण वेगळं शिजवणं आलं.

"माझं मी करते," धाकटी म्हणाली, आणि खरंच स्वतःचं पातेलं घेऊन उभी राहिली. बटाटे उकडले, त्यावर तेल, लिंबू आणि मिरपूड, तीही मूठ सैल सोडून. वर गुणगुणत होती!

थोरलीने घासभर चाखलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "एवढं तिखट?"

"मला असंच आवडतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

थोरलीच्या जिव्हारी लागलं. आयुष्यभर जिला वाढलं, तिला ते गोड लागतच नव्हतं! दुकानात ती कात्री जरा जोरातच चालवू लागली. बोलणं गिऱ्हाइकांपुरतं उरलं.

अशाच घुम्या चेहऱ्यांनी दोघी शेवटचं रक्त द्यायला गेल्या. काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावून सांगितलं, की सुरुवातीला दोघींच्या पेशींतली मेदाम्लं जवळपास सारखी होती, आता मात्र स्पष्ट फरक पडलाय.

"म्हणजे ही माझ्यासारखी राहिली नाही," थोरली पुटपुटली.

"जन्मतः आलेलं आहे तसंच आहे हो. हे सामान ताटातून आलेलं. पुन्हा सारखं खाल्लंत तर पुन्हा सारखं होईल."

"आणि माझी बोटं?" धाकटीने विचारलं.

"पेशी बशीत ठेवून डिवचल्या, तेव्हा तुमच्या पेशींनी सूज वाढवणारे निरोप थोडे कमी बनवले. पण दोघींवरून काही ठरत नाही. बोटांबद्दल मी शब्द देणार नाही."

बोटं सुजलेलीच होती. धाकटीने ती पदराखाली घेतली. ते पाहून थोरलीचा राग कुठल्या कुठे गेला.

परतताना जिन्यात ती थांबली. "माझ्या हातचं तुला काहीच आवडलं नाही का गं?"

"अंडी," धाकटी म्हणाली. "तुझ्यासारखी अंडी मला जन्मात जमायची नाहीत."

"खोटं बोलतेस."

"जवस खाऊन खोटं बोलता येत नाही," धाकटीने तोंड वाकडं करत म्हटलं, आणि थोरलीला हसू आवरेना.

तेल संपलं, संशोधन आटोपलं, पण स्वयंपाकाची वाटणी राहिली ती राहिलीच. अंडी थोरलीची, बाकीचं धाकटीचं. थोरली पहिल्या घासाला ठसकते, पाण्याचा तांब्या रिकामा करते, बहिणीला चार शब्द सुनावते आणि ताट पुढे करून म्हणते, "वाढ आणखी."