गोत्र विचारायचं राहून गेलं

आमचं लग्न क्षयाच्या लशीमुळे जमलं असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत, खरं तेच आहे. मी तेव्हा डोंबिवलीतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. घरही डोंबिवलीतच. बाबा कल्याणच्या कोर्टात कारकून, आई घरी आणि मी एकुलती एक. पन्नास साल उलटून गेलं होतं आणि मुलीचं वय वाढत चाललंय, असं ओळखीच्या बायका आईला येता-जाता ऐकवायला लागल्या होत्या. मला त्याचं काही वाटत नसे. आईला मात्र वाटे.

एके दिवशी शाळेत लस टोचणारी तुकडी आली. आधी हातावर एक बारीक सुई टोचून परीक्षा घ्यायची, तिसऱ्या दिवशी तिथे गाठ आली का ते बघायचं आणि ज्याची आली नसेल त्यालाच लस द्यायची, अशी त्यांची पद्धत. सुई बघूनच पहिलीच्या वर्गाने भोकाड पसरलं. एक मुलगा बाकाखाली जाऊन बसला तो निघेना. मी वैतागले. पदर खोचला, हात पुढे केला आणि म्हटलं, "आधी मला टोचा. बघू दे त्यांना." सुई धरून बसलेल्या तरुणाने लगेच टोचली. ते म्हणजे हे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या पिढीला सवय नाही, तेव्हा इथेही ते 'हे'च राहतील.

तिसऱ्या दिवशी हे पुन्हा आले. पट्टी लावून गाठ मोजायचे, आकडा मोठ्याने सांगायचे आणि शेजारी बसलेला माणूस तो लिहून घ्यायचा. माझी गाठ चांगली टपोरी आली होती. क्षय हा शब्द तेव्हा लग्नाच्या मुलीच्या आसपास नुसता फिरकला तरी पुरे होता. यांनी पट्टी लावली, पण माझा आकडा ओरडून सांगितला नाही. शेजारच्याच्या कानाशी वाकून सांगितला आणि मग मला म्हणाले, "घाबरू नका. तुम्ही आजारी आहात असा याचा अर्थ नाही. पुष्कळांची येते. माझीही आली होती." लगेच पुढच्या मुलाला "चल रे, बाही वर कर" म्हणून बोलावलं. माणूस कमी बोलतो, पण कुठे बोलू नये ते याला कळतं, एवढी मी मनात नोंद केली.

त्यानंतर मुलांच्या दंडावरची लस पिकली का ते पाहायला हे आले. मग ती सुकली का ते पाहायला आले. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सरकारला आपल्या शाळेची फारच काळजी पडलेली दिसतेय." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

यांचं घर ठाण्याला नौपाड्यात. तुकडीचं काम पुढे कल्याणपलीकडे मोहन्याला सुरू झालं, तेव्हा परतीच्या वाटेवर म्हणून हे डोंबिवलीला उतरायचे. त्यात वावगं काही नव्हतं, डोंबिवली वाटेतच होती. "इथे भाजी ताजी मिळते, आईने आणायला सांगितलीय," असं कारण असायचं. शाळा सुटली की मीही बाजारातूनच घरी जायची. भाजी निवडण्यात हे अगदीच ढ. जून गवार आणि कडक भेंडी हौसेने पिशवीत भरायचे. भेंडीचं टोक मोडून बघायचं असतं, हे मी त्यांना शिकवलं. मग काम माजिवड्याला आलं. माजिवडा ठाण्यातच, तिथून यांचं घर असं कितीसं लांब! तरी हे भाजीला डोंबिवलीत हजर. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

एकदा भाजीवाली त्यांच्या पिशवीकडे बघून मला म्हणाली, "तुजा नवरा लय साधा हाय गो बाय!" आम्ही दोघांनीही तिची चूक दुरुस्त केली नाही. माझ्या मते आमचं ठरलं ते तिथेच. थोडं पुढे आल्यावर हे म्हणाले, "तुमच्या घरी कोणाशी बोलावं लागेल?"

"बाबांशी," मी म्हटलं. "पण आधी माझ्याशी बोला."

मग हे बोलले. भाजीची पिशवी हातात धरून, रस्त्याच्या कडेला, अडखळत. फार काही बोलले नाहीत, पण मला ते पुरलं. मला ते मनापासून आवडत होते आणि त्या दिवशी घरी जाताना मी एवढी खुशीत होते की आईने विचारलं, "पगार वाढला की काय?"

एका रविवारी यांच्या आई आमच्याकडे आल्या. यजमान लवकर गेलेले, शिवणकाम करून त्यांनी या एकुलत्या मुलाला वाढवलं होतं. बाई स्पष्टवक्त्या, पण मनमोकळ्या. पोहे आवडीने खाल्ले, माझी नोकरी विचारली, "पुढेही करायची असेल तर कर" म्हणाल्या. आईचा चेहरा इतका फुलला होता की बघत राहावं. चहा घेता घेता त्यांनी सहज विचारलं, "तुमचं गोत्र कोणतं?"

"कौशिक," बाबा म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. "आमचंही कौशिकच."

एक गोत्र म्हणजे मूळ पुरुष एक, म्हणजे मुलगा-मुलगी भाऊ-बहीण. ठरवून केलेल्या लग्नात हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. आमची आडनावं वेगळी, गावं वेगळी. वर्षभर आम्ही भेंड्यांची टोकं मोडून पाहिली, पण हे बघायचं आम्हा दोघा शिकलेल्यांना सुचलं नाही.

बाबा कोर्टातले. त्यांनी शांतपणे सांगितलं की सगोत्र लग्नाला कायद्याची हरकत आता राहिलेली नाही. त्या म्हणाल्या, "झाला असेल कायदा. माझ्या देवघरात तो अजून आलेला नाही." आणि उठल्या. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला, त्याचाच मला जास्त राग आला.

यांचं म्हणणं, नोंदणी करून मोकळं व्हावं. मी विचारलं, "आणि आई?" यावर हे हातातली पिशवी चाळवायला लागले. मी सांगून टाकलं, "ज्या घरात माझ्याशी कोणी बोलणार नाही तिथे मी यायची नाही. आणि तुम्ही त्यांना एकटं टाकून आलात तर तेही मला चालायचं नाही." तोंडाने बाणेदारपणे बोलले खरी, पण आत जीव तुटत होता. हे डोंबिवलीला उतरायचे थांबले. वर्गातल्या पोरांनी त्या दिवसांत माझी बोलणी उगीचच खाल्ली.

तोडगा काढला तो यांच्या आईनेच. त्यांच्या भटजींनी सांगितलं होतं की मुलगी मामाला दत्तक म्हणून द्यावी. वडिलांनी हातावर पाणी सोडून संकल्प करायचा, मामा-मामींनी तिला आपली म्हणून घ्यायचं, मग गोत्र मामाचं. पुढे कन्यादानही मामाच करणार. माझे मामा कल्याणला राहायचे, त्यांना मूलबाळ नव्हतं. ते ऐकून मी भडकले. "मी काय गाय आहे, याला नाहीतर त्याला द्यायला?" आई डोळ्यांना पदर लावून बसली.

बाबा कर्मकांडातले नव्हते. पण एकुलत्या मुलीचं कन्यादान आपण करायचं, ही एक गोष्ट त्यांच्या फार मनात होती. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. त्यांनी संध्याकाळी मला अंगणात बोलावलं आणि एकच विचारलं, "तुला तोच हवाय ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग झालं तर."

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी मामांच्या घरी तो विधी झाला. बाबांनी पाणी सोडलं, आवाज जराही हलला नाही. मामींनी मला मांडीवर घेतल्यासारखं करायचं होतं. मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे सगळे हसले. मामींच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

संध्याकाळी तिथेच साखरपुडा. पाटावर मुलीचे वडील म्हणून मामा बसले. यांच्याकडून यांचे काका सगळं करत होते. यांच्या आई विधवा, म्हणून त्या काळच्या रीतीने आतल्या दाराशी बसून होत्या. बाबा पेढ्यांचं ताट घेऊन पाहुण्यांमधून फिरत होते. व्याह्यांना द्यायचा नारळ हातात घेऊन काका उठले, आणि ताट पुढे करणाऱ्या या गृहस्थांना त्यांनी अदबीने विचारलं, "आपण मुलीचे कोण?" काका बाहेरगावचे, त्यांना काही माहीत नव्हतं.

सकाळपासून मामा माझे वडील झाले होते. म्हणजे त्यांची बहीण, माझी आई, ही माझी आत्या. बाबांनी तो हिशेब मनात आधीच करून ठेवला असावा, कारण ते लगेच म्हणाले, "मी मुलीच्या आत्याचा नवरा."

मी मान खाली घालून बसले होते, ती वर केली. "ते माझे बाबा आहेत," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. भटजी मंत्र म्हणायचे थांबले. मामांनी नजर खाली वळवली. हे माझ्याकडे बघत राहिले. आता हे लग्न मोडलं तर मोडलं, असं माझ्या मनात आलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ते चाललं असतं.

आतल्या दाराशी हालचाल झाली. यांच्या आई उभ्या राहिल्या होत्या. पुढे आल्या नाहीत, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भावजी, गोत्र तेवढं मामांचं घेतलंय. बाप कसा बदलेल? नारळ त्यांना द्या."

काकांनी नारळ बाबांच्या हातात ठेवला. एका हातात पेढ्यांचं ताट, दुसऱ्यात नारळ. डोळे पुसायला बाबांना हात उरला नव्हता.