नशिबाला जीन्स म्हणू नका

तुमची आई परवा फोनवर म्हणाली की तुम्ही दोघांनी आतड्याची तपासणी पुन्हा पुढे ढकलली. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "दोघंही म्हणतात, जीन्समध्येच असेल तर तपासून काय फरक पडतो?" मी फोन ठेवला आणि बराच वेळ ओसरीवर येरझाऱ्या घातल्या. तुमच्या आईच्या आतड्यातून गेल्या वर्षी दोन पॉलिप काढले. पॉलिप म्हणजे आतल्या बाजूला फुटलेले कोंब, ज्यांची पुढे गाठ होऊ शकते. म्हणूनच डॉक्टरांनी तुम्हाला तपासून घ्यायला सांगितलं. आणि माझी शिकलीसवरली नातवंडं मला हे उत्तर देतात! हेच वाक्य मी याच डिचोलीच्या घरात, याच ओसरीवर, तुमच्या धाकट्या आजोबांच्या बाराव्याला ऐकलं होतं. तेव्हा मला संताप आला होता. तो अजून उतरलेला नाही.

धाकटे आजोबा म्हणजे माझे दीर. तुम्हाला ते आठवणार नाहीत, तुम्ही तेव्हा पाळण्यात होतात. पाळी गावच्या खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत लोखंडाची माती वाहणारे त्यांचे टिपर होते. घरी यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन, आणि अंगणातूनच कुणाची तरी थट्टा करत. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की गरम उंडे घ्यायला सगळ्यांच्या आधी तेच दारात. चहात बुडवून पाव खाताना त्यांच्याकडे बघून दुसऱ्याला भूक लागावी, असं त्यांचं खाणं.

एका पावसाळ्यात ते अर्धा उंडा बशीत तसाच ठेवून उठायला लागले. पट्टा आवळून आवळून त्याला नवी भोकं पाडावी लागली. माझ्या जावेला कपडे धुताना रक्ताचे डाग दिसत. तिने ते बरेच दिवस कुणाला सांगितले नाहीत, आणि मला सांगितले तेव्हा लगेच पुढे म्हणाली, "मूळव्याध आहे, अक्का. यांच्या वडिलांनाही होती."

होती खरी. माझे सासरे त्याच 'मूळव्याधी'ने गेले होते. मूळव्याधीने माणूस असा झिजून जात नाही, हे त्यांच्या वेळी घरात कुणी मोठ्याने म्हटलं नाही.

मी दिरांना म्हटलं, "भावोजी, डॉक्टरांना दाखवा."

"वयनी, मूळव्याध काय गो दाखवायची वस्तू? मांडव घालून गावाला आमंत्रण देऊं?"

सगळे हसले. एवढं हसवणारा माणूस आजारी आहे, हे कुणाला खरं वाटत नव्हतं. शेवटी मी त्यांच्या गाडीत आधी जाऊन बसले आणि दवाखान्याशिवाय उतरणार नाही म्हणाले, तेव्हा ते आले. नळी घालून तपासणी झाली, स्कॅनही काढला. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. तपासणारी डॉक्टर सिंधुदुर्गाकडची तरुण मुलगी होती. ती दिरांशी मालवणीतच बोलली: "काका, गाठ अजून आतड्यातच आसा. भायर गेलेली दिसत नाय. बेगीन काढून टाकूया."

बेगीन, म्हणजे लवकर! हा शब्द आमच्या घरात सगळ्यांना कळतो. तरीही तो कुणी ऐकला नाही. रिपोर्ट इंग्रजीत होता, तो मीच वाचून दाखवला. या घरात इंग्रजी कागद वाचायला मी असे, पण त्याचं काय करायचं हे ठरवायला पुरुष असत.

कारण काय, तर पुतणीचं, म्हणजे दिरांच्या मुलीचं, लग्न. पेडण्याच्या चांगल्या घरात ठरलं होतं, माघातला मुहूर्त होता. आधी ऑपरेशन केलं तर व्याह्यांना कळणार, मुलीच्या घराण्यात कॅन्सर आहे म्हणून बोभाटा होणार, लग्न मोडणार. जाऊ माझ्या गळ्यात पडून रडली. मी म्हटलं, "लग्न मोडलं तर दुसरं ठरेल. माणूस कुठून आणशील?" तिला ते पटत होतं. पण निर्णय तुमच्या आजोबांचा, थोरल्या भावाचा होता, आणि त्यांनी तो देवावर सोपवला.

आपल्याकडे देवाला प्रसाद लावतात ते तुम्ही पाहिलेलं नाही. भटजी मूर्तीच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, घरचा कर्ता गाऱ्हाणं सांगतो, आणि मग सगळे पाकळ्यांकडे बघत उभे राहतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी या देवाला मानते, आजही मानते. म्हणूनच त्या दिवसाचा राग मला जास्त आहे.

तुम्हाला तुमचे आजोबा देवमाणूस वाटत. होतेच. पण त्या दिवशी देवासमोर हात जोडून ते काय बोलले, तर, "घरातलं शुभकार्य निर्विघ्न पार पडू दे. ते उरकून आम्ही औषधपाण्याचं बघतो. मान्य असेल तर उजवी दे."

उजवी पाकळी लगेच पडली. बायकांनी सुस्कारे सोडले.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही ऑपरेशनचं विचारलंत कुठे? तुम्ही तर लग्नाचं विचारलंत. भावाला उशीर चालेल का, असं सरळ का नाही विचारलं?"

"अगो, देवाला गाऱ्हाणं घालायचं असतं. तुझ्या इंग्रजी शाळेसारखा पेपर काढायचा नसतो."

दीर पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "वयनी, भांडू नको. पोरीची पाठवणी करतो आणि थेट तुझ्या डॉक्टरीणबायच्या हवाली होतो. तोवर ती गाठ काय पळून जातली?"

देव खोटं बोलला नाही. लग्न निर्विघ्न पार पडलं. दिरांनी सैल सदरा घालून कन्यादान केलं, पंगतीत आग्रह करकरून वाढलं आणि स्वतः मूठभर भातावर सोलकढी घेतली. पाहुणे गेल्यावर आम्ही त्यांना घेऊन गेलो. पुन्हा स्कॅन केला. गाठ पळून गेली नव्हती, पण तिच्यातल्या पेशी गेल्या होत्या. लिव्हरमध्ये डाग होते.

मी त्या डॉक्टर मुलीला विचारलं, "लग्नाआधी काढली असती तर?"

ती म्हणाली, "खात्रीने सांगू शकत नाय, मावशी. तेव्हाच काही पेशी गेल्या असतील, दिसल्या नसतील. पण तेव्हा आशा जास्त होती, एवढं नक्की."

मग मी तिला विचारत गेले आणि ती सांगत गेली. आतड्यातली पेशी उठून लिव्हरमध्ये कशी जाते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढच्या पावसाळ्यात दीर गेले.

बाराव्याला ओसरीवर माणसं बसली होती. मुंबईहून आलेले एक शिकलेले पाहुणे चहाचा पेला खाली ठेवत म्हणाले, "जीन्स हो, जीन्स. वडिलांनाही होतंच. जीन्समध्ये लिहून आलेलं आपण काय पुसणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. पूर्वी नशीब म्हणत, आता हा शब्द सापडला. आणि तो ऐकून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जी सुटका उमटली, तिने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं! तुमचे आजोबा हळूच म्हणाले, "अगो, आज नको."

"आजच," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आले.

मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. पेडण्याला माझ्या माहेरी खाजन शेत होतं. खाडीच्या कडेला बांध, आणि बांधाला पाण्याच्या लाकडी झडपा. त्यांना आम्ही मानस म्हणतो. भरतीला मानस बंद, ओहोटीला उघडी, मग भात पिकतं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जीन्स त्याच असतात. कुठल्या पेशीत कुठली झडप उघडी आणि कुठली बंद, यावर ती आतड्याची होते की लिव्हरची, हे ठरतं. पोटातल्या बाळाचं शरीर घडताना पेशींना जागा सोडून फिरावं लागतं. त्यासाठीच्या झडपा तेव्हा उघड्या असतात, काम झालं की बंद होतात. गाठीतल्या काही पेशी त्याच झडपा भलत्या वेळी उघडतात. शेजारच्या पेशीचा धरलेला हात सोडतात, रक्तात शिरतात, आणि आतड्याचं रक्त आधी लिव्हरकडे जातं म्हणून बरेचदा तिथेच ठाण मांडतात. राखण करणाऱ्या काही जीन्स धडधाकट असूनही बंद पाडलेल्या असतात. लाकूड शाबूत, पण झडप अडकलेली.

"आणि हे सगळं एका रात्रीत होत नाही," मी म्हटलं. "कोंबाची गाठ व्हायला बरीच वर्षं लागतात. काही घराण्यांत झडपेचं लाकूडच जन्मापासून चिरलेलं असतं, हे खरं. मग तिथला माणूस काय करतो? चीर आहे म्हणून खारं पाणी शेतात येऊ देतो, की रोज बांधावर जाऊन बघतो?"

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. पुतणी दारात उभी होती. तिला हे काहीच माहीत नव्हतं.

"म्हणजे बाबा माझ्या लग्नासाठी थांबले?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी नव्हे, बाय. लोक काय म्हणतील त्यासाठी."

तेव्हा तिचे सासरे, ज्यांच्या भीतीने हे सगळं घडलं ते पेडण्याचे व्याही, कोपऱ्यातून म्हणाले, "पण आम्हांला एका शब्दाने सांगायचं होतंत. आम्ही आधी ऑपरेशन करा म्हटलं असतं. लग्न काय, देवळात दोन हार घालून पण होतं."

त्या माणसाचं ते वाक्य आठवलं की मला आजही बसवत नाही. तुमचे आजोबा त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. देवाला प्रसाद लावायलाही ते पुन्हा पुढे झाले नाहीत.

पुतणी तपासणीच्या वयाला आली तेव्हा स्वतः गेली. कोंब निघाला, तो काढला. तिच्या जावेने सुचवलं, कुणाला सांगू नकोस. तिने सगळ्या नात्यात फोन केले, पहिला तुमच्या आईला, म्हणजे आपल्या चुलत बहिणीला. म्हणून तुमची आई आज धडधाकट आहे आणि तुमच्यावर चिडलेली आहे.

आता तुम्ही. तारीख घ्या आणि ती मला कळवा. तपासणी झाली की "सगळं ठीक आहे, आजी" एवढंच सांगू नका, काय निघालं आणि काय काढलं ते सांगा. 'ठीक आहे' आणि 'मूळव्याध आहे' हे या घरात फार ऐकून झालं. त्या दिवशी मी देवळात जाईन, दिवा लावीन. प्रसाद मात्र लावणार नाही. जे तुमचे डॉक्टर बघून सांगू शकतात, ते विचारून देवाला कशाला अडचणीत आणायचं?