राखण

दीड महिना घरापासून लांब राहायची वेळ आली तर किल्ली कुणाच्या हातात द्याल? मनात लगेच एक नाव आलं ना? मग आता सांगा, तो माणूस तुमच्या मागे कसल्या कागदावर सही करणार नाही, हे तुम्हाला कुणी लिहून दिलंय?

ओलेटा स्प्रेगच्याही मनात असंच पटकन नाव आलं होतं. रॉइस कूम्ब्स.

ओलेटा ओहायोतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं राबली. मग घर विकून तिनं अठ्ठावीस फुटी जुनी शिडाची नाव घेतली आणि इथे फ्लोरिडाच्या खालच्या टोकाला, आमच्या स्नूक खाडीत येऊन नांगर टाकला. नावेचं नाव बटरनट. हिवाळाभर बाई एकटी बेटं हिंडायची. उत्तरेचा वारा उठला की खाडीत परत, आणि आली की आमच्या प्रत्येक नावेवर मक्याचा गरम पाव पोचलाच. किनाऱ्यावरचे बंगलेवाले आम्हाला पाण्यावरचे भिकारी म्हणतात. ओलेटा म्हणायची, "त्यांचं घर बँकेचं. माझ्या घराचं बूड मी स्वतः खरवडते, पोरी."

डिसेंबरात ती डेकवर घसरली आणि तिचा खुबा मोडला. शेजारच्या नावेवरचा रॉइस तिला आपल्या होडक्यातून धक्क्यावर घेऊन गेला. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना तिनं त्याच्या हातात किल्ली दिली.

आमच्याकडे रोज सकाळी आठला सगळ्या नावा रेडिओवर हजेरी देतात. कुणी जमिनीवर गेलं की शेजाऱ्यानं हजेरीत मोठ्यानं सांगायचं: राखण माझी. एकदा ते म्हटलं की त्या नावेवर दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही. राखणदारावर संशय घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. दुसऱ्या दिवशी रॉइस म्हणाला, "बटरनटची राखण माझी." आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

आता सरकारी नियम. नांगरलेली नाव दर तीन महिन्यांनी स्वतःच्या इंजिनावर चालवून दाखवायची. नाही चालली तर ती टाकून दिलेली समजतात आणि ओढून नेऊन मोडतात. बटरनटची तारीख वीस जानेवारी होती.

जानेवारी लागला. बटरनटच्या बुडाला शेवाळाची हिरवी दाढी लोंबत होती, वरचं कापड फाटलं होतं, पेलिकन पक्ष्यांनी डेक पांढरं करून ठेवलं होतं. मी हजेरीत विचारलं, "रॉइस, वीस तारीख लक्षात आहे ना?"

"पुढारीणबाई, मोर्चे तुम्ही सांभाळा. नाव मी सांभाळतो."

सगळी खाडी रेडिओवर हसली. मी रेडिओ बंद केला. भर सभेत नगरपालिकेच्या माणसांना घाम फोडणारी मी, राखणीच्या रिवाजापुढे गप्प बसले. तो राग अजून गेलेला नाही.

वीस तारखेला मी गावात होते. दुपारी परतले तर बटरनटच्या जागी नुसतं पाणी. रॉइसची नावही नव्हती. ती होती पलीकडच्या नव्या गोदीत, पक्क्या जागेवर बांधलेली, विजेसकट, नळासकट. त्या जागेसाठी माणसं पाच-पाच वर्षं थांबतात. गोदीवाल्यांना खाडी रिकामी हवी होती आणि साक्षीदार हवा होता. जागेच्या बदल्यात रॉइसनं लिहून दिलं: इंजिन मेलेलं आहे, बाई परत येणार नाही. खाली सही. त्याच कागदावर बटरनट ओढून नेली.

ओलेटाचा फोन नंबर फक्त रॉइसकडे होता, त्यामुळे तिला कळवता आलं नाही. फेब्रुवारीत ती आली. चालायची चौकट टेकत धक्क्यावर उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून खाडी न्याहाळू लागली. "कुठे हलवलीन ग त्यानं? वाऱ्यासाठी आत नेली का? दर रविवारी फोनवर सांगायचा, सगळं ठीक आहे म्हणून."

मी सांगितलं. सगळं. ती रडली नाही. म्हणाली, "मला त्याच्याकडे ने."

रॉइस नळीनं डेक धूत होता. तिला पाहून पाणी बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

"अगं ओलेटा, डॉक्टर म्हणाले होते तू आता..."

"कुठले डॉक्टर? माझे डॉक्टर तुझ्याशी कधी बोलले?"

"मी बासष्टचा झालो, ओलेटा. पाण्याचे डबे वाहून पाठ गेली माझी. मलाही एक नळ नको का?"

"मागितला असतास तर मीच माझी नाव विकून दिला असता, मेल्या." ती चौकटीवर वाकून त्याच्याकडे बघत होती. "इंजिन मेलेलं आहे म्हणून लिहिलंस. नोव्हेंबरात ते कुणी खोललं होतं? दोन दिवस माझ्या नावेवर जेवलास, तिसऱ्या दिवशी पहिल्या झटक्यात चालू करून दाखवलंस. हात काळे होते तुझे, नाचत होतास."

 नळीचं पाणी ओलेटाच्या बुटांवरून वाहत होतं.

"चल पोरी," ती मला म्हणाली. "कुठे ते मात्र मला विचारू नकोस."

सध्या ती माझ्या नावेवर आहे. पुढच्या बाकावर झोपते. मक्याचं पीठ आणून ठेवलंय, अजून हात लावलेला नाही. बटरनट आठ दिवसांत लोखंडी पंजानं चिरडली, तिचा तुकडासुद्धा मिळाला नाही. आम्ही दावा लावलाय, पण चिरडलेलं इंजिन कोर्टात चालवून कसं दाखवायचं?

आणि त्याच गोदीचा माणूस परवा आणखी तीन नावांचे कागद घेऊन खाडीत फिरत होता. साक्षीदार शोधतोय. असे कागद फक्त आमच्याच खाडीत फिरतात असं समजू नका. कुणाचं तरी घर रिकामं आहे, बंद आहे, टाकून दिलेलं आहे, असा कागद तुमच्यापुढे आला तर पेन खाली ठेवा. आधी त्या घराच्या माणसाला फोन लावा, आणि कागद आणणाऱ्याच्या समोर लावा.