दादानं सोडलेल्या जागा

आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. गाव वडसा, धंदा साउंड सर्व्हिसचा. आमच्याकडच्या झाडीपट्टी नाटकांचा, म्हणजे गावोगाव रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा, सीझन लागला की मी माइक, स्पीकर आणि वायरींचे गुंडाळे गाडीत टाकून गावोगाव फिरतो. कुरखेडा, धानोरा, चामोर्शी... जंगलातल्या रस्त्यावर गाडी बंद पडली आहे, मंडपात जनरेटरशेजारी एकटाच झोपलो आहे. आजवर मला भीती वाटली ती फक्त ऐन रंगलेल्या अंकात लाइट जाण्याची. कुणी सांगू लागलं की अमक्या चिंचेखाली बाई दिसते, तर मी विचारायचो, "मंग नाटकाले येते का? तिकीट काढते का?" सांगणारा चिडून निघून जायचा. आज मी सांगतो आहे आणि तुमच्यातला कुणीतरी असंच काही बोलणार, हे मला माहीत आहे. बोला बापडे.

गोष्ट माझ्या मोठ्या भावाची, दादाची आहे. दादा क्लॅरिनेट वाजवायचा. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, नाटकात स्टेजसमोर बसून वाजवायचा. तरुणपणी काही वर्षं नागपूरच्या एका हॉटेलच्या बँडमध्ये होता. तिथे त्याच्या कानावर जॅझ पडलं आणि परत आला तो भलतंच काहीतरी घेऊन. एकटाच वाजवायचा. तबला नाही, ऑर्गन नाही, ताल नाही. कधी नुसती फुंक, कधी बटणांची टकटक, कधी एकच सूर इतका लांबवायचा की ऐकणाऱ्यानं श्वास घ्यावा की नाही असं व्हायचं. आई म्हणायची, "पोराचा बाजा बिघडला वाटते, दुरुस्तीले टाक म्हना." खरं सांगू? मलाही त्यातलं फार काही कळायचं नाही. पण तो वाजवताना त्याचा चेहरा इतका खूश असायचा की मी ऐकत बसायचो.

त्याच्या त्या पहिल्या एकट्याच्या वादनाचं रेकॉर्डिंग मीच केलं. तेव्हा कॅसेटचा जमाना होता. आमच्या ओळखीतल्या एका राइस मिलचं गोदाम होतं. नवीन धान यायच्या आधी ते पार रिकामं असायचं आणि आवाज असा घुमायचा की काय सांगू. भर दुपारी, मिल बंद असताना आम्ही जायचो. एक माइक दादासमोर लावायचा आणि दुसरा लांब दरवाज्याशी, नुसता घुमारा पकडायला. दादा डाव्या स्पीकरमध्ये, गोदाम उजव्यात. दरवाज्याशी डेक घेऊन मी बसायचो. गोदामात आम्ही दोघंच.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायची. आमच्याकडे नाटकात गाणाऱ्याची ओळ संपली की ऑर्गनवाल्यासाठी जागा सोडतात. तो आपली तान टाकतो, मग गाणारा पुढे जातो. दादाला जन्मभराची ती सवय. पण एकटा वाजवतानाही तो जागा सोडायचा. वाजवायचा, थांबायचा, मान तिरकी करून ऐकल्यासारखं करायचा आणि पुन्हा उचलायचा. मी वैतागून विचारलं होतं, "हे मधी मधी थांबून काय राह्यला? टेप वाया जाते ना."

"त्याले नको का वाजवू देऊ?" दादा म्हणाला.

"कोनाले?"

तो हसला. मीही हसलो. कलाकार माणूस, चालायचंच. पुढे ते गोदाम पाडून तिथे प्लॉट पडले, कॅसेट माझ्या दुकानाच्या माळ्यावर गेली आणि दादा पोटापाण्यासाठी वराती वाजवत राहिला.

मागच्या पावसाळ्यात दादाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नागपूरला नेऊन आणलं. घरी आला तो नाकात नळी घेऊन, कारण गिळणंच बंद झालं होतं. पाण्याचा चमचा दिला तरी ठसका. वहिनी दिवसभर त्याच्या उशाशी. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काही ऐकवत जा, कधी कधी फरक पडतो. मी त्याला भजनं ऐकवली, नाटकातली पदं ऐकवली, त्याच्याच बँडच्या वराती ऐकवल्या. दादा छताकडे बघत पडलेला. मग माळ्यावरून ती कॅसेट काढली, डेकचा पट्टा बदलला आणि लावली.

दादानं मान वळवली. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

वहिनीच्या हातात नळीतून द्यायच्या वरणाच्या पाण्याची वाटी होती. टेपमध्ये दादा वाजवता वाजवता थांबला, त्यानं ती जागा सोडली आणि इकडे पलंगावरच्या दादानं तोंड उघडलं. वहिनीनं घाबरत चमचा लावला. गिळलं! टेप पुढे गेली की तोंड बंद, जागा आली की तोंड उघडं. वहिनी रडायला लागली, मी तर आधीच रडत होतो. मग तेच आमचं जेवण झालं. दुपारी कॅसेट लावायची आणि जागेजागेला घास द्यायचा. नळी निघाली. वरणाचं पाणी गेलं, मऊ भात आला. आणि एक दिवस माझ्याकडे बघून दादा चक्क "मुन्ना" म्हणाला. त्या दिवशी मी सगळ्या बाजारात पेढे वाटले. माझं एवढं एकच मागणं होतं की दादा आम्हाला परत मिळावा. तो मिळतो आहे असंच वाटत होतं.

हिवाळा लागता लागता एका दुपारी दादानं सोडलेल्या जागेत कुणीतरी वाजवलं.

अगदी थोडंसं. एक खालचा सूर, फुंक जास्त आणि आवाज कमी. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे तिनंही ऐकलं होतं. मी म्हटलं, "काई नाई वयनी, मागच्या बाजूचा आवाज उतरला." जुन्या कॅसेटमध्ये होतं तसं, एका बाजूचं दुसऱ्या बाजूला पुसट ऐकू येतं. पण मागची बाजू लावून पाहिली तर कोरी. डेकचं हेड साफ केलं. दुसऱ्या डेकवर लावली. कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि तीच फाइल मोबाइलवरून लावली. दादाच्या खोलीत तो सूर होता. दुकानात तीच कॅसेट, तोच डेक, आणि सोडलेल्या जागेत फक्त रिकामं गोदाम. पुण्यात माझा एक मित्र साउंडचंच काम करतो, त्याला फाइल पाठवली. त्याचा फोन आला, "अरे, भारी वाजवलंय तुझ्या भावानं. पण मधे मधे शांतता फार आहे, नाही?"

खोलीत मोबाइल ठेवून रेकॉर्ड करून पाहिलं. त्यात दादा आला, पंखा आला, वहिनीच्या बांगड्या आल्या. तो सूर नाही आला. त्यामुळे पुरावा मागू नका, माझ्याकडे नाही.

मग एकदा मी दादाच्या खोलीतच डाव्या स्पीकरची वायर काढून फक्त उजवा ऐकला. उजवा म्हणजे दरवाज्याजवळचा माइक. या बाजूला दादा लांबून, घुमून यायचा. आणि तो दुसरा? तो अगदी जवळ, माइकला खेटून. त्याच्या आवाजालाही त्याच गोदामाचा घुमारा होता. इतकी वर्षं आवाजाच्या धंद्यात काढली आहेत, एवढं तर मी झोपेतही ओळखीन. म्हणजे तो तेव्हाच, त्याच गोदामात, दरवाज्याशी बसून वाजवत होता. पण दरवाज्याशी तर मी बसलो होतो. त्यानंतर मी त्या खोलीत पाठ भिंतीला लावूनच बसतो. हसायचं तर हसा.

बरं, तेवढ्यावर राहिलं असतं तर मी तेही चालवून घेतलं असतं. वाजवू दे बाबा, आमचा माणूस जेवतो आहे ना! पण तो वाढत गेला. जागा भरून झाल्यावरही थांबेना. दादानं उचलायच्या ठिकाणी तोच वाजवत राहायचा, आणि दादाचा आवाज आत आत जायचा. दुकानात ऐकलं तर दादा पुरा, ठणठणीत. खोलीत दर वेळी थोडा कमी. आता टेपमध्ये दादा वाजवत असला की पलंगावरचा दादा तोंड मिटून असायचा आणि तो दुसरा वाजवायला लागला की घास घ्यायचा.

आणि पलंगावर काय होत होतं? उजव्या हाताची बोटं हलायला लागली. चादरीवर, बटणं दाबल्यासारखी. डॉक्टर खूश. म्हणाले, "काय करता ते चालू ठेवा." एका जेवणानंतर दादानं माझ्याकडे पाहिलं, नुसतंच पाहिलं. मी म्हटलं, "दादा, मी मुन्ना." त्यानं ओळख नसलेल्या माणसाला मान डोलवतात तशी मान डोलवली. मग आईचा भिंतीवरचा फोटो त्याला कुणाचा ते कळेना. मग घर. "आपन कुठी आलो?" असं तो स्वच्छ बोलला. बोलणं परत येत होतं, त्याचे शब्द एकेक करून जागेवर येत होते, आणि त्या शब्दांमागचा आमचा दादा चालला होता. मला हे याहून नीट सांगता येत नाही.

मी कॅसेट बंद केली. वहिनीला म्हटलं, "आता बस झालं, वयनी. हे बरोबर नाई."

त्या दुपारी दादानं घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाणी तोंडातून खाली ओघळायचं. डोळे डेककडे. पुन्हा नळी घातली, ती त्यानं त्याच बऱ्या झालेल्या हातानं उपसून काढली. मी त्याच्या दुसऱ्या कॅसेटी लावल्या, मोठ्यानं गाणी म्हटली, हात जोडले. चामोर्शीकडच्या एका देवऋषीकडेही जाऊन आलो, ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त विनोद केले होते. त्यानं अंगारा दिला, दिवाबत्ती सांगितली, सगळं केलं. दादाचे गाल आत जायला लागले.

शेवटी वहिनीच म्हणाली, "लावा भाऊजी."

"वयनी, तुमाले समजून राह्यलं ना काय होऊन राह्यलं ते?"

"समजते. नाव नाई घेतलं माहं तरी चालन. उपाशी नाई मरू द्याचा मले त्याले."

मी लावली. दादानं ताटलीभर भात खाल्ला, इतक्या घाईनं की वहिनी त्याला "सावकाश, सावकाश" म्हणत होती. खोलीत त्या दिवशी दादाचं क्लॅरिनेट जवळजवळ ऐकूच आलं नाही. जेवण झाल्यावर वहिनी त्याचं तोंड पुसत होती. त्यानं तिचा हात हळूच बाजूला केला आणि अगदी अदबीनं विचारलं, "तुमी कोन होय, बाई?"

जन्मभर त्यानं तिला "अवं" म्हणून हाक मारली होती. वहिनीनं फडक्याची घडी केली. मग म्हणाली, "मी जेवन देनारी."

"बरं," दादा म्हणाला आणि चादरीवर बोटं हलवत पडून राहिला.

वहिनी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. तिच्याशी बोलायला जायच्या ऐवजी मी डेक पुसत बसलो.

याला काही महिने झाले. सीझन चालू आहे, पण दुपारच्या जेवणाला मला घरी हजर राहावं लागतं, त्यामुळे लांबची नाटकं सोडून दिली. दादाची तब्येत चांगली आहे. येणारे जाणारे म्हणतात, वजन वाढलं हो, चेहऱ्यावर तेज आलं. तो त्यांच्याशी गोड बोलतो, कुणालाही ओळखत नाही. तो दुसरा कोण, त्याला काय हवं आहे, मी दरवाज्याशी बसलेलो असताना मला तो का ऐकू आला नाही, यातलं मला काही म्हणजे काही समजलेलं नाही. मानसिक म्हणाल तर मी आणि वहिनी दोघं एकदमच वेडे झालो असू. तसं असतं तर बरंच झालं असतं. तुमच्यापैकी कुणाला काही उपाय माहीत असेल तर सांगा, पण उपाय असा सांगा की ज्यात दादा जेवेल.

एवढं लिहीपर्यंत दुपार झाली. वहिनीनं भात कालवला आहे, आतून हाक मारते आहे. आज टेप लावल्यावर दादातलं आणखी काय जाईल ते जेवण झाल्यावरच कळेल. मी उठतो.