आवाज बंद करून पाहायचे पिक्चर

"अजून कार्टून बघतेस काय गो? लग्नाचं वय झालं तुझं!" हे मला आमच्या वाडीत आजही ऐकावं लागतं, आणि दर वेळी मी भांडते. अ‍ॅनिमेशनपटांना 'लहान मुलांचे पिक्चर' म्हणणाऱ्यांनी ते कधी नीट बघितलेले नसतात. टीव्ही लावून पोरांना त्याच्यासमोर बसवायचं आणि आपण फोनवर बोलायला अंगणात जायचं, एवढाच त्यांचा त्या पिक्चरांशी संबंध.

मी पत्रकं लिहिते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी माणसांना किती वेळा हेलपाटे घालायला लावणार, बातम्यांत खुणांनी सांगणारी बाई अंगठ्याएवढ्या चौकोनात का कोंबता, असल्या विषयांवर. बंदरावर वाटते, एसटी स्टँडवर वाटते. लोक घेतात, दोन ओळी वाचतात आणि त्यात शेंगदाणे बांधतात. हे पान मात्र पत्रक नाही. हे माझ्या धाकट्या बहिणीबद्दल आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. पालीच्या ज्या छोट्या मूकबधिर शाळेत ती शिकली, त्याच शाळेत बालवर्गाची मदतनीस म्हणून तिला लागायचं होतं. या हिवाळ्यात त्याचा निकाल लागणार होता. शाळेचं म्हणणं, बहिऱ्या मुलीच्या हाती लहान मुलं कशी द्यायची? बहिऱ्यांच्या शाळेचं हे म्हणणं! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मुख्याध्यापिका चेष्टा करतायत.

पण आधी पिक्चरांचं सांगते, कारण त्यांच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

आमचे बाबा मिरकरवाडा बंदरातल्या एका लाँचवर तांडेल होते. तांडेल म्हणजे लाँच चालवणारा, जाळं कधी टाकायचं आणि कधी ओढायचं हे ठरवणारा. इंजिनाच्या धडधडीत ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून खलाशांशी सगळं बोलणं हाताने. मूठ छातीकडे ओढली की जाळं वर घ्या. तळहात सपाट खाली नेला की इंजिन कमी करा. मनगट गोल फिरवलं की वारा फिरलाय, सावध. बाबांना या खुणांची इतकी सवय की घरीही मीठ मागताना हात आधी हलायचा.

धाकटीला ऐकू येत नाही हे कळल्यावर आई बरेच दिवस रडत होती. बाबांनी मात्र तिला समोर बसवलं आणि बोटीवरच्या खुणा करायला लागले. घरात दुसरी भाषा नव्हती, मग जी होती ती दिली. जाळं वर घेतलं की खलाशी जेवायला बसतात, म्हणून आमच्या घरात मूठ छातीकडे ओढणं म्हणजे जेवण. इंजिन कमी म्हणजे झोप. वारा फिरला म्हणजे आई चिडलीय.

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. लाँच ओढून, शाकारून ठेवलेल्या. बाबा घरी. त्या दिवसांत मुंबईच्या काकाने दिलेल्या जुन्या डीव्हीडी प्लेयरवर पिक्चर चालायचे. एकदा बाबांनी माणसांचा एक कौटुंबिक पिक्चर लावला. त्यात सोफ्यावर बसलेली सात-आठ माणसं नुसती बोलत होती. धाकटीने थोडा वेळ बघितलं, मग चारही बोटं अंगठ्यावर आपटून दाखवली, चोचीसारखी, टप टप टप, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मग स्टँडजवळच्या फिरत्या विक्रेत्याकडून चित्रातले पिक्चर आले. 'चित्रातले' हे आईचं नाव. वेष्टणं नसायची, नावंही धड नसायची. कुठल्या देशातले, कुणी केले, काही ठाऊक नाही. हिंदीत डब केलेले, पण आम्हाला त्याचं काय! धाकटी प्लेयर लागल्या लागल्या टीव्हीचा आवाज शून्यावर न्यायची. आपल्याला नाही तर कुणालाच नाही, असा तिचा कायदा होता.

त्यातला एक सावल्यांचा होता. एका गावातल्या सगळ्या सावल्या एके दिवशी मालकांना सोडून जातात आणि गावाबाहेरच्या मैदानात जाऊन बसतात. कुणाच्या पायाशी सावली नाही. माणसं आधी हसतात, मग घाबरतात, मग मैदानात येऊन आपापली सावली शोधायला लागतात. आणि कुणालाच स्वतःची सावली ओळखता येत नाही, कारण कुणी कधी मान खाली घालून बघितलेलीच नसते. सावल्या पिक्चरभर एक शब्द बोलत नाहीत. त्या नुसत्या बसतात. मी पुढे कितीतरी धरणी धरली, उपोषणांना बसले, पण इतकं चांगलं धरणं मी अजून बघितलेलं नाही.

दुसरा होता बगळ्याचा. थवा थंडीत दूरदेशी निघतो. एकाचा पंख धड नाही, तो खालून चालत निघतो. वर थवा, खाली तो. डोंगर, शेतं, बाजार, रेल्वेचे रूळ. थवा त्याच्यासाठी थांबत नाही. पिक्चर त्यांना वाईटही ठरवत नाही. पक्षी आहेत, त्यांना जावंच लागतं. बाबा जमिनीवर बसून हा पिक्चर धाकटीला बोटीच्या खुणांत सांगायचे. गोठलेल्या तळ्यापाशी बगळा थबकला की बाबांचा तळहात खाली. वादळ आलं की मनगट गोल.

आई म्हणायची, "अहो, खिडकी उघडी हाय. लोक म्हणतील, तांडेलाला खूळ लागलं."

"म्हणू देत. पोरीला गोष्ट सांगतोय."

"तिला दिसतंय की सगळं. तुमच्यापेक्षा जास्त दिसतंय."

हे खरं होतं. तिला जास्त दिसायचं. बगळा तिसऱ्यांदा पडतो तेव्हा मागच्या कुंपणावरचा एक कावळा मान वळवून घेतो, हे आम्हाला तिनेच दाखवलं. आम्ही तो पिक्चर तोवर किती वेळा बघितला होता कुणास ठाऊक.

पुढे मी बऱ्याच विचाराने याचं कारण शोधलं. खऱ्या माणसांच्या पिक्चरमध्ये झाडाचं पान हलतं ते वारा होता म्हणून. कॅमेऱ्यासमोर होतं, आलं. चित्रातल्या पिक्चरमध्ये पान आपोआप हलत नाही. कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं की इथे पान हलावं. कावळ्याने मान वळवावी, हेही कुणीतरी ठरवलेलं. त्या चौकटीत नजरेसाठी नाही असं काहीच नसतं. ज्या मुलीला जगातली निम्मी बातमी कधी पोचतच नाही, तिला इथे सगळी पोचते. म्हणून ते पिक्चर विटत नाहीत. मला ऐकू येतं, तरी मला विटत नाहीत, कारण मी ते तिच्या शेजारी बसून बघायला शिकले.

पालीच्या शाळेत तिला राहायला घातलं तेव्हा बोटीच्या खुणांनी घात केला. पहिल्याच दिवशी जेवणाच्या वेळी ती मूठ छातीकडे ओढत राहिली. तिथल्या बाईंना वाटलं, ही कुणाचे तरी केस ओढायचं म्हणतेय. तिला सगळ्यांपासून लांब, एकटीला बसवून जेवायला घातलं. बाबा महिन्याने भेटायला गेले तेव्हा हा प्रकार कळला. आमच्या घराला दोष देऊन उपयोग नाही. खुणांची खरी भाषा असते, ती लहानपणापासून शिकवायची असते, हे आम्हाला ना डॉक्टरांनी सांगितलं, ना अंगणवाडीत कुणी. का नाही सांगितलं? हा प्रश्न मी अजून विचारतेय.

शाळेतली भाषा ती शिकली. चांगली शिकली. मी तिच्याकडून शिकले. मग तिने शिवणकाम केलं, मासे सुकवण्याच्या ओट्यावर काम केलं, आणि एक दिवस म्हणाली, मला बालवर्गात जायचंय. जी मुलं घरच्याच खुणा घेऊन येतात, त्यांच्याजवळ कुणी बसत नाही. मी बसेन.

मुख्याध्यापिकांनी अखेर एक सकाळ दिली. बालवर्ग सांभाळून दाखव, मग समितीपुढे ठेवते. मी दुभाषी म्हणून सोबत गेले. "तू भांडायचं नाहीस," धाकटीने एसटीत मला बजावलं. "फक्त सांगायचं. माझं त्यांना, त्यांचं मला. मधे तुझं काही घालायचं नाही."

तिने सावल्यांचा पिक्चर नेला होता. शाळेत मोठा टीव्ही आहे, कुणीतरी देणगी दिलेला, पाटीसह. शाळेत पिक्चर लावतात तो पूर्ण आवाजात. मी स्वतः ऐकलाय, रस्त्यापर्यंत येतो. धाकटीने रिमोट घेतला आणि आवाज शून्यावर नेला. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

दहा-बारा मुलं सतरंजीवर. ती टीव्हीच्या बाजूला गुडघ्यांवर बसली आणि सांगायला लागली. सगळ्या सावल्या उठून चालायला लागल्या तेव्हा तिने पिक्चर थांबवला आणि मुलांना स्वतःच्या सावल्या बघायला लावल्या. दारातून ऊन येत होतं. मुलं हात हलवायची, सावली हलते का बघायची. एक चिमुरडी आपल्या सावलीवर बसली, ती पळून जाऊ नये म्हणून.

आणि तेवढ्यात मागे, धाकटीच्या पाठीशी, एक मुलगी बाकावर चढली, सटकली आणि पडली. रडली. जोरात. धाकटीला अर्थातच कळलं नाही. तिचे हात सांगतच होते. दाराशी बसलेल्या आयाबाई धावल्या, मुलीला उचललं, गुडघ्याला हळद लावायला घेऊन गेल्या. मुलांच्या नजरा वळल्या तेव्हा कुठे धाकटी वळली.

मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "हेच. मला हेच म्हणायचं होतं. तिला सांगा, मला वाईट वाटतंय. पण हेच."

मी सांगितलं. जसंच्या तसं.

धाकटी हातांनी म्हणाली, आणि मी मोठ्याने बोलून दाखवलं, "आवाज मी मुद्दाम बंद केला. नाहीतर आयाबाई पिक्चर ऐकत बसतात. तुम्हीपण. मूल रडलेलं कुणालाच ऐकू येत नाही. मी इथे शिकत होते तेव्हा आम्ही पिक्चरच्या वेळी पडायचो, तेव्हा कुणी यायचं नाही. आज आयाबाई लगेच आल्या."

आयाबाई तोवर परत आल्या होत्या. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "ते खरं हाय मॅडम. आवाज असला की माझं लक्ष त्या टीव्हीकडेच जातं."

"तुम्ही थांबा हो," मुख्याध्यापिका म्हणाल्या. पण रागावून नाही. मुलं पिक्चर पुढे कधी सुरू होतोय याची वाट बघत होती, त्यांच्यातल्या एकाने धाकटीच्या ओढणीचा काठ ओढला. "पूर्ण करू दे," असं म्हणून मुख्याध्यापिका खोलीबाहेर गेल्या.

समितीचा निरोप आठ-दहा दिवसांनी आला. मदतनीस म्हणून दुसरी बाई घेतली, ऐकू येणारी. पालकांना काय उत्तर द्यायचं, हा प्रश्न. मात्र तुमच्या बहिणीने दर शनिवारी पिक्चर दाखवायला यावं, मुलं विचारतात. प्रवासखर्च मिळेल.

मी संतापले. स्वयंपाकघरात उभी राहून दोन्ही हातांनी तिला सांगत होते, हा अपमान आहे, जाऊ नकोस, काम द्यायचं नाही आणि फुकट राबवून घ्यायचं, हे मी कागदावर आणते, पालीच्या बाजारात वाटते.

"वाट," ती म्हणाली. "लिही. समितीकडे जा. मी पुन्हा अर्ज करणार आहे, तेव्हाही ये. पण शनिवारी मी जाणार. ती मुलं सोमवार ते शुक्रवार काय बघतात, तुला माहितीय? तोंडं."

आणि बोटं अंगठ्यावर आपटून दाखवली.

बाबा कोपऱ्यात बसून बघत होते. आता ते समुद्रावर जात नाहीत. त्यांना शाळेची भाषा येत नाही, आम्ही भराभर बोललो की त्यांना निम्मंच कळतं. त्यांनी मला विचारलं, "काय ठरलं?"

"शनिवारी जातेय म्हणते. नोकरी नाही दिली तरी."

"मग कुठला पिक्चर नेतेय?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी तो धाकटीला सांगितला. ती उठली, डीव्हीडींचा जुना डबा आणून जमिनीवर रिकामा केला आणि आम्ही तिघं निवडायला बसलो. एकात गाणीच फार. एकात सगळे ससे न्यायालयात उभे राहून बोलतात, तो तिने बघायलाही घेतला नाही. बाबांनी एक वर केला. तिने नाही म्हणून मान हलवली. तो लहानग्यांना भीती घालेल.

नवा अर्ज गेलाय. पत्रक छापून झालंय, या आठवड्यात वाटतेय. ज्यांना वाटतं की अशी शाळा बहिऱ्या बाईशिवाय नीट चालते, त्यांनी एखाद्या शनिवारी पालीला यावं, मागच्या भिंतीला टेकून बसावं आणि तोंड बंद ठेवावं. धाकटी बगळ्याचा पिक्चर दाखवतेय. बगळा रुळांपाशी पोचला की ती थांबवते, आणि कुणी शाळेच्या खुणेने, कुणी घरच्या खुणेने, प्रत्येक मूल सांगतं, आता त्याने कुठे जावं.